दारू सोडायची आहे? आधी डॉक्टर, मग तारीख

आषाढीच्या आधी माळ घालून, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, नाहीतर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडणारी माणसं गावोगावी आहेत. अधूनमधून पिणाऱ्याला ते जमूनही जातं. पण जो वर्षानुवर्षं रोज दीड-दोन क्वार्टर पितो, ज्याला सकाळी हात स्थिर व्हायला ‘उतारा’ लागतो, त्याने एका दिवसात दारू तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. मग अंगारे-धुपारे होतात आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

म्हणून सोडण्याची तारीख डॉक्टरांना भेटल्यावरच ठरवा. भेट मिळायला दोन-चार दिवस लागणार असतील तर तेवढे दिवस पिणं एकदम बंद करू नका. वाढवू नका, गाडी चालवू नका, जेवण आणि पाणी सोडू नका, इतकंच सांभाळा. दारू सोडवायला निघालेल्या माणसाला हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रोज भरपूर पिणाऱ्यासाठी हाच सुरक्षित मार्ग आहे.

दारू तुटल्यावर शरीरात काय होतं

दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकलेला असतो. दारू अचानक काढून घेतली की लगाम सुटतो, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. फिट यायचीच असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. सगळ्यात धोक्याचा काळ त्यानंतरचा, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा. अंगावर किडे चालताहेत असं वाटणं, नसलेली माणसं दिसणं, आपण कुठे आहोत हे न कळणं, ताप येणं. या अवस्थेला डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात आणि तिथे रुग्णालयाशिवाय पर्याय नाही.

फिट, भ्रम, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होऊन गुंगी येणं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. फिट चालू असताना माणसाला कुशीवर वळवा आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, त्याचा उपयोग होत नाही. डॉक्टरांना दोन गोष्टी अचूक सांगा: रोज किती प्यायचा आणि शेवटची कधी घेतली. लाजेपोटी हे दडवलं तर डॉक्टर साध्या फिटचे किंवा तापाचे उपचार करत बसतात आणि खरं कारण तसंच राहतं.

आणखी एक बाब गावातल्या दवाखान्यात हमखास घडते. अशक्तपणा आहे म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावली जाते. नीट न जेवता वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, संपत आलेलं असतं. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं थायामिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि गोंधळणं ही तिची लक्षणं. पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावताना नम्रपणे विचारा, “डॉक्टर, हे रोज पितात, थायामिनचं इंजेक्शन आधी द्यायचं का?” रक्तातली साखर खूप उतरली असेल तर डॉक्टर ग्लुकोज लगेच देतील, पण थायामिन त्यासोबतच गेलं पाहिजे.

पिणं मोजा, अंदाज करू नका

आपल्याकडे सगळे ‘थोडीशी’ पितात. डॉक्टरांसमोर आकडा हवा. १८० मिलिची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची असते, त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. १० ग्रॅमचं एक माप धरलं तर एका क्वार्टरची सहा मापं होतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हेही मोजावं: ६५० मिलिच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये चार मापं भरतात, म्हणजे दोन बाटल्या क्वार्टरच्या पुढे जातात. हातभट्टीचा हिशेब लागतच नाही, कारण तिची तीव्रता प्रत्येक वेळी वेगळी असते. तिथे ग्लास आणि रुपये मोजा. सात दिवस वहीत लिहा: किती वाजता, काय, किती, जेवणाआधी की नंतर. घरच्यांनी चोरून लिहिण्यापेक्षा पिणाऱ्याने स्वतः लिहिलेलं जास्त कामाचं.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० गुणांची. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं, वीस किंवा जास्त आले तर व्यसन जडल्याची दाट शक्यता. पण चाचणी हाताशी नसेल तर एकच प्रश्न विचारा: सकाळी प्यावी लागते का? उत्तर ‘हो’ असेल तर घरी बसून सोडण्याचा विचार बाजूला ठेवा.

जायचं कुठे

व्यसनाचा डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ‘मी काय वेडा आहे का?’ हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर असं द्या की झोप, हातांची थरथर आणि तलफ ही मेंदूची कामं आहेत आणि मेंदूच्या औषधांचा डॉक्टर तो आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणात असं आढळलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. बाकीच्यांना बहुतेक वेळा शपथा आणि बोलणी मिळतात.

सुरुवात फोनने करता येते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. १४४१६ ही ‘टेली-मानस’ नावाची मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्हीकडे एकच विचारा: “आमच्या जिल्ह्यात दारूसाठी भरती करणारं सरकारी किंवा अनुदानित केंद्र कोणतं?”

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची ओपीडी हा सगळ्यात जवळचा आणि स्वस्त मार्ग. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो: पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती केंद्रंही आहेत, तिथे उपचार मोफत असतात. खाटा मात्र मोजक्या, त्यामुळे आधी फोन करून नंबर लावा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. मराठीत व्यसनमुक्तीची भाषा घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. बाई पीत असेल तर फोनवर आधी विचारा की महिलांसाठी स्वतंत्र विभाग आहे का. अनेक केंद्रं फक्त पुरुषांना घेतात आणि दारापर्यंत जाऊन परत येण्यात पुन्हा सहा महिने जातात. गरोदर असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

बोलायचं कधी, काय

रात्री नाही. प्यायलेल्या माणसाशी केलेली चर्चा सकाळी त्याला आठवत नाही, तुम्हाला मात्र आठवते. सकाळी, चहाच्या वेळी, शक्यतो ज्याचं ऐकतो अशा एकाच माणसाने बोलावं. काका, मामा, सरपंच सगळे गोळा करून भावकीची बैठक बसवली की तो मान खाली घालून ‘हो’ म्हणतो आणि दुपारी बाहेर पडतो. ‘आयुष्यभर सोड’ असं मागू नका. एक भेट मागा: “तुझे हात थरथरतात, झोप लागत नाही, मंगळवारी एकदा दाखवून येऊ. मी सोबत येतो.” वार ठरवा आणि गाडीची सोय आदल्या दिवशी करा.

तयार झालाच नाही तर तुम्ही एकट्याने जा. बहुतेक केंद्रांत समुपदेशक घरच्यांनाही भेटतात. अल्-अ‍ॅनॉन या गटाच्या सभा नातेवाइकांसाठीच असतात. तिथे शिकण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की त्याची उधारी फेडणं, ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं आणि उलटी पुसून ठेवणं थांबवायचं. परिणाम त्याचे त्याला दिसू द्यायचे. मारहाण होत असेल तर मात्र व्यसन सुटण्याची वाट बघू नका. ११२ किंवा महिलांसाठी १८१ ला फोन करा आणि मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

ती वही, जुने केसपेपर, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (बीपी, शुगर, झोपेच्या गोळ्याही), आधार कार्ड, आणि आधी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर त्याचं साल. तंबाखू, गांजा, कफ सिरप यांचंही खरं सांगा. सकाळची ओपीडी गाठा. अजिबात न घेता येणं शक्य नसेल तर किती घेऊन आलोय ते सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतील: सीबीसी, लिव्हर फंक्शन, शुगर, पोटॅशियम, गरजेनुसार पोटाची सोनोग्राफी आणि ईसीजी. ‘लिव्हर नॉर्मल आहे’ हा रिपोर्ट प्यायचा परवाना नव्हे. बऱ्याच जणांना तो तसाच वाटतो आणि तिथेच उपचार तुटतो.

घरी की भरती, हे डॉक्टर ठरवतील. आधी फिट किंवा डीटी झालेली नसेल, यकृत-हृदयाचा मोठा आजार नसेल, आत्महत्येचे विचार नसतील, घरात चोवीस तास एक समंजस माणूस असेल आणि पहिले चार-पाच दिवस रोज दवाखान्यात दाखवता येत असेल तर घरी होऊ शकतं. यातली एक जरी अट पूर्ण होत नसेल तरी भरती बरी.

पहिल्या टप्प्यात बहुतेकदा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. डोस रोज थोडा उतरवत पाच ते दहा दिवसांत बंद. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात ठेवा आणि मोजून द्या. या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच दगावू शकतो. दहा दिवसांनी ‘झोप येत नाही’ म्हणून मेडिकलमधून तीच पट्टी परत आणली तर दारूच्या जागी गोळीचं व्यसन लागतं, आणि ते सोडवणंही सोपं नाही.

इथे बहुतेक घरं फसतात. आठ-दहा दिवसांत थरथर थांबते, भूक लागते, चेहरा उजळतो, आणि सगळ्यांना वाटतं की झालं, सुटली. एवढ्यात फक्त शरीर रिकामं झालेलं असतं. तलफ, सवय, मित्र आणि रिकामी संध्याकाळ जागच्या जागी असतात. खरा उपचार यानंतर सुरू होतो आणि तो निदान एक वर्ष चालतो.

केंद्र कसं पारखायचं

निवासी उपचार साधारण एक ते तीन महिन्यांचा असतो. पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूशी जोडलेले मानसिक आजारही येतात. त्यामुळे केंद्राची या कायद्याखालची नोंदणी आहे का, हे विचारा आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स कोण? फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? समुपदेशन एकट्याचं किती, गटात किती? घरच्यांच्या बैठका होतात का? एकूण खर्च किती आणि औषधं त्यात धरली आहेत का, हे लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघा.

‘आम्ही गाडी पाठवतो, चार माणसं येऊन उचलून नेतील, तीन महिने भेटायचं नाही’ असं सांगणारं केंद्र नको. मारहाण, कोंडून ठेवणं, काम करवून घेणं हा उपचार नाही. साखळीने बांधायला तर कायद्याने स्पष्ट बंदी आहे. स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतः बाहेर पडण्याची मागणी करता येते. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल किंवा स्वतःकडे बघायच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांबाबत त्याच्या बाजूने उभं राहायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. नुसत्या घरच्यांच्या सहीवर नाही. फोन, भेट आणि तक्रार हे हक्क आत गेल्यावरही राहतात.

आरोग्य विम्यावर फार विसंबू नका. व्यसनावरचा उपचार बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत असतो. पॉलिसीत ‘व्यसन’ किंवा ‘मद्यपान’ हा शब्द शोधा आणि मगच केंद्राची पावती फाडा. कर्ज काढून महागडं केंद्र घेण्यापेक्षा सरकारी ओपीडी, वर्षभराची औषधं आणि नियमित सभा हे जास्त टिकतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुन्हा न पिण्यासाठीची औषधं

‘न सांगता चहातून द्या, सात दिवसांत दारूचा तिटकारा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहेत. त्या पुड्यांत काय आहे हे पाकिटावरही नसतं. काही घरांत डायसल्फिरामची गोळी कुटून भाजीत घालतात. हे करू नका. डायसल्फिराम घेतलेला माणूस प्यायला की काही मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतं. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखी पूर्ण क्वार्टर पितो आणि जिवावर बेततं. शिवाय कळल्यावर तो घरच्या ताटावरचा विश्वास सोडतो.

त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीत हीच गोळी उपयोगी आहे. नेहमीचा डोस रोज २५० मिग्रॅ. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी सुरू करायची. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. अल्कोहोल असलेलं कफ सिरप, टॉनिक, आफ्टरशेव्ह सांभाळायला लागतं. हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना ती देत नाहीत. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे त्याने सकाळी बायकोसमोर किंवा आईसमोर स्वतःच्या हाताने घेणं.

दुसरी औषधं तलफेवर काम करतात. नाल्ट्रेक्सोन, रोज ५० मिग्रॅ, प्यायल्यावर येणारी मजा कमी करतं. यकृताच्या तपासणीनंतर देतात, आणि अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर देत नाहीत. अकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. मूत्रपिंड ठीक हवं, आणि सहा गोळ्या रोज घेण्याचा लोक कंटाळा करतात, हीच त्याची अडचण. यकृत फार खराब असलेल्यांना बॅक्लोफेनचा विचार होतो, पण ते एकाएकी थांबवायचं नसतं.

घरी आल्यावर

पहिले ९० दिवस कॅलेंडरवर आखा. डॉक्टरांची भेट पहिल्या आठवड्यात, मग दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. पगाराचा दिवस, हळदीची रात्र, विसर्जनाची मिरवणूक, थर्टी फर्स्ट, गटारी यांच्या तारखांवर खूण करा आणि त्या संध्याकाळी तो कुठे असेल हे आदल्या आठवड्यात ठरवा. पहिल्या वर्षी हळदीला गेलं नाही म्हणून नातं तुटत नाही. एटीएम कार्ड काही महिने घरी, खर्चाला रोजचे मोजके पैसे, पण हे त्याच्याशी बोलून, काढून घेऊन नाही. रिकाम्या पोटी, रागात, एकटेपणात आणि थकल्यावर तलफ जास्त उसळते. ती बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा: आधी पोटभर खायचं, मग एक फोन करायचा, जागा बदलायची.

तो फोन कुणाला? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, एए, इथे त्याचं उत्तर मिळतं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेल्या या गटाच्या सभा आज महाराष्ट्रात मराठीतही चालतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या सभेला मागे बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. एक गट पटला नाही तर दुसरा बघा.

घरच्यांनी रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं बंद करा. संशयाने माणूस थकतो, आणि ‘नाहीतरी विश्वास नाहीच’ हे पिण्याचं कारण बनतं. ज्या गोष्टी मोजता येतात, गोळी, भेट, सभा, त्यांवर लक्ष ठेवा.

घसरण झाली तर काय, हे चांगल्या दिवसांतच कागदावर लिहून फ्रीजवर लावा: डॉक्टरांचा नंबर, समुपदेशकाचा नंबर, एएतल्या मित्राचा नंबर आणि ‘२४ तासांच्या आत सांगायचं’. एखाद्या संध्याकाळी प्यायला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून औषधांबद्दल विचारायचं. डायसल्फिराम चालू असेल आणि प्यायला असेल तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना. सलग काही दिवस पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर त्याने रागाच्या भरात किंवा पश्चात्तापाने एकदम बंद करायचं नाही. मागच्या वेळी फिट आली नव्हती म्हणून या वेळी येणार नाही असं नसतं. दारू दर वेळी तुटताना मेंदू आणखी हळवा होतो, आणि नंतरच्या खेपेला त्रास जास्त होऊ शकतो. वही पुन्हा काढा, शेवटची कधी आणि किती ते लिहा, आणि त्याच डॉक्टरांकडे त्याच ओपीडीला जा.